निळे फूल दिसण्याआधी केना काढा



खरिपात सोयाबीन-कपाशीच्या ओळींत आणि परसबागेत सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारे इवलेसे निळे फूल आपण पाहता. तोच केना. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, पण पिकात एकदा पसरला की तो आटोक्यात आणणे अवघड जाते.

याची कारणे दोन. पहिले, केन्याच्या खोडाला पेरापेरावर मुळ्या फुटतात. ओल असताना कोळपणी केली, तर तुटलेल्या तुकड्यांतून नवी रोपे उभी राहतात. दुसरे, जमिनीखालीही त्याला न उमलणारी फुले येतात आणि तेथेच बी धरते. वर निळे फूल दिसेपर्यंत आपण थांबलो, तर खाली बियांची तयारी सुरू झालेली असते.

म्हणून पीक लहान असतानाच, वाफसा येताच, केना खुरप्याने मुळासकट काढावा. कोळपणी उघडीप व ऊन पाहून करावी. काढलेला केना ओळीत किंवा बांधावर टाकू नये, तेथे तो पुन्हा रुजतो. कडक जागेवर पसरून पूर्ण वाळवावा, मगच खतखड्ड्यात घालावा.

आपल्या शेतातील केना आजच पाहून घ्या.