औषधदानाची पूर्तता
(विश्वस्त संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)

 

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या जीवनात सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेब मांडण्याचाही प्रसंग असतो. किती दिले याचा हिशेब वार्षिक अहवालात असतोच. दिलेले कोठपर्यंत पोहोचले, हा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. आजचे विवेचन त्या दुसऱ्या हिशेबाविषयी आहे.

जैन परंपरेने श्रावकाला आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली. त्यांपैकी औषधदान समाजाच्या विशेष आवडीचे. आरोग्य शिबिर असो, रुग्णालयाला औषधांची खोकी देणे असो की एखाद्या गरीब रुग्णाचे बिल भरणे असो, श्रावकाचा हात आखडत नाही. परंतु औषधाचे खोके रुग्णालयाच्या दारात उतरले म्हणजे औषधदान पूर्ण झाले का? योग्य औषध, मुदतीच्या आत, योग्य मात्रेत, योग्य रुग्णाच्या हाती पडले आणि ते कसे घ्यावे हे त्याला समजले, तेव्हाच ते दान पूर्ण होते. खोक्यापासून रुग्णाच्या ओंजळीपर्यंतचा हा प्रवास ज्याच्या हातून होतो, तो रुग्णालयातील औषधनिर्माता. शासकीय भाषेत त्याला औषध निर्माण अधिकारी म्हणतात, लोक अजूनही कंपाउंडर म्हणतात. खिडकीमागच्या त्या माणसाकडे समाजाचे लक्ष क्वचितच जाते.

आता या परिसराचा विचार करावा. डहाणू आणि तलासरी हे आदिवासीबहुल तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते नव्या जिल्ह्यात आले. वारली, कोकणा, काटकरी, दुबळा अशा समाजांची वस्ती दूरदूरच्या पाड्यांवर आहे. डहाणू, कासा व तलासरी येथील शासकीय रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे हाच त्यांचा आधार. येथे औषध संपले, तर पुढचा रस्ता वलसाड, वापी किंवा सिल्व्हासाचा. ज्याच्या खिशात त्या दिवशीची मजुरीही नाही, त्याला तो रस्ता फार लांबचा असतो.

पावसाळ्यातील एखाद्या रात्री उधव्याकडच्या पाड्यावर भातलावणी करून परतलेल्या बाईला घोणस चावली, असे समजा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर चालणारी लस उपलब्ध आहे. विषबाधेची लक्षणे दिसताच प्रारंभी ८ ते १० कुप्या द्याव्यात, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. विषाचा जोर अधिक असल्यास हा आकडा २० ते ३० पर्यंत जातो. म्हणजे कपाटात २० कुप्या असल्या, तरी तो साठा एखाद्याच रुग्णाचा ठरू शकतो. डहाणू येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र असून त्यातर्फे या भागातील सर्पदंशाच्या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. वैद्यकीय ज्ञान अशा रीतीने दारापर्यंत आले आहे. त्या रात्री त्या कपाटात पुरेशा कुप्या असतील का, हा प्रश्न मात्र केवळ वैद्यकाचा उरत नाही. तो व्यवस्थापनाचा प्रश्न आहे.

साधुजीवनात पाच समितींचे पालन सांगितले आहे : ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि उत्सर्ग. चालताना, बोलताना, भिक्षा स्वीकारताना, वस्तू उचलताना-ठेवताना आणि टाकाऊ पदार्थांचे विसर्जन करताना जीवमात्राला इजा होऊ नये म्हणून ठेवायची ही जागरूकता. संयमी जीवनाची ही उंची संसारी कामाला लावण्याचा हेतू येथे नाही. तथापि औषधभांडाराचे काम समजून घेण्यासाठी समाजाला याहून परिचित मोजपट्टी सापडणार नाही.

पहिली एषणा, म्हणजे निर्दोष तेच स्वीकारणे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यांच्या व मेंदूच्या विकारांत दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. ते औषधी दर्जाचे नव्हते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साऱ्या साखळीतील दोष उघड केले. डॉक्टरांनी लिहिलेले औषध बरोबर होते, परिचारिकेने दिलेली मात्रा बरोबर होती. चूक झाली ती माल कोणाकडून घ्यायचा, कोणत्या दर्जाचा घ्यायचा आणि दारात आल्यावर काय तपासायचे, या ठिकाणी. ही गोष्ट जुनी झाली असे म्हणावे, तर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील त्याच रसायनाने लहान मुले दगावली.

दुसरी आदाननिक्षेपण, म्हणजे उचलण्या-ठेवण्यातील सावधता. कापड जुने झाले तर व्यापारी दिवाळीनंतर सूट लावून ते काढून टाकतो. मुदत संपलेल्या औषधाला सूट नसते. म्हणून ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढावे, हा भांडाराचा पहिला नियम. इन्सुलिन, अनेक लसी आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानातच ठेवावे लागते. वीज गेली की या औषधांचे काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते. डहाणू-तलासरीत आणखी एक गोष्ट आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसराने भूकंपाचे लहान-मोठे धक्के अनुभवले. अशा ठिकाणी भांडारातील मांडण्या भिंतीला जखडून ठेवणे आणि काचेच्या बाटल्या खालच्या फळीवर ठेवणे हाही व्यवस्थापनाचाच भाग ठरतो.

किती ठेवावे, यालाही शास्त्र आहे. समजा, एखाद्या रुग्णालयात पावसाळ्यात महिन्याला सर्पविषावरील लसीच्या ६० कुप्या लागतात आणि मागणी नोंदविल्यापासून माल येईपर्यंत दोन महिने जातात. तर साठा १२० वर येण्याची वाट पाहणेही धोक्याचे. अडचणीच्या वेळेसाठी ३० कुप्या अधिक धरून १५० उरल्या असतानाच मागणी गेली पाहिजे, आणि ती जूनमध्ये नव्हे तर उन्हाळ्यातच. सर्व औषधांना हा एकच नियम लावून चालत नाही. पैशाच्या दृष्टीने औषधांचे अ, ब, क असे वर्ग करतात. दुसरी वर्गवारी जीवनाच्या दृष्टीने : ज्यावाचून प्राण जातील ती, आवश्यक असलेली आणि नसली तरी काही काळ निभावणारी. सर्पविषावरील लस रोज लागत नाही, पण ती पहिल्या वर्गातील. अपरिग्रहाची शिकवण येथे वेगळ्या रूपाने भेटते. गरजेपेक्षा अधिक साठा केला तर तो कुजतो आणि त्या पैशात येणारे दुसरे औषध येत नाही. कमी साठा केला तर रुग्ण रिकाम्या हाताने परततो.

तिसरी भाषा समिती. या भागातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. अशा मुलाला फॉलिक ॲसिडची गोळी नियमित लागते आणि काहींना हायड्रॉक्सियुरिया. या दुसऱ्या औषधाबरोबर वेळोवेळी रक्ततपासणीही करावी लागते. गोळ्या खंडित झाल्या की असह्य वेदनांचे झटके पुन्हा येऊ लागतात. भातकापणीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा गुजरातच्या किनाऱ्यावरील बोटींवर कामाला जातात. हे ठाऊक असलेला औषधनिर्माता डॉक्टरांशी बोलून जाण्यापूर्वी पुरेशी औषधे हाती देण्याची व्यवस्था करील, सकाळच्या गोळीच्या पाकिटावर सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढील आणि वारली बोलीतून दोन शब्द समजावून सांगील. ज्याला हे ठाऊक नाही, तो फक्त गोळ्या मोजून देईल.

चौथी ईर्या, म्हणजे मार्गातील जपणूक : शीतपेटीतून लस पाड्यापर्यंत थंड नेणे. आणि पाचवी उत्सर्ग, म्हणजे टाकाऊचे निर्दोष विसर्जन. येथे दात्यांनाही अंतर्मुख व्हावे लागेल. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातील आचे प्रांतात जगभरातून सुमारे ४,००० टन औषधे आली. त्यांतील बरीचशी निरुपयोगी, अपरिचित भाषेतील वेष्टनांची किंवा मुदत संपत आलेली होती. ती निवडणे आणि नष्ट करणे हेच तेथील लोकांवर नवे संकट होऊन बसले. दानात दिलेल्या औषधाला पोहोचतेवेळी सामान्यतः किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी आणि लोकांनी वापरून परत केलेली औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. शिबिरातून उरलेल्या गोळ्यांची पिशवी रुग्णालयाच्या टेबलावर ठेवून येणे, हे या कसोटीवर दान ठरत नाही. त्या गोळ्या पुढे ओढ्यात वा उकिरड्यावर गेल्या, तर त्या हिंसेतही दात्याचा वाटा राहतो.

हे सारे करण्याचे शिक्षण औषधनिर्मात्याला मिळते का? १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे सोपविला. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका आणि किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, किंवा चार वर्षांची पदवी, हे त्याचे नेहमीचे मार्ग. त्यांत औषधाचे गुणधर्म शिकविले जातात, व्यवस्थापनाची तोंडओळखही होते. पुढे रुग्णालयात रुजू झाल्यावर मात्र अंदाजपत्रक, निविदा, साठ्याचे नियोजन, संगणकीय नोंदी, लेखापरीक्षण आणि हाताखालच्या माणसांची कामवाटणी हे सर्व एकदम अंगावर येते. मग शिक्षण होते ते चुका करीत, आणि या क्षेत्रात चुकीची किंमत रुग्ण मोजतो.

व्यवस्थापनाने काय साधते, याचे उदाहरण तामिळनाडूने घालून दिले. तेथे १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. एकत्रित खरेदी, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी आणि प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक, अशी ती रचना. महाराष्ट्रातही साठ्याच्या नोंदीसाठी ई-औषधी ही संगणक प्रणाली आली आणि २०२३ च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. यंत्रणा वर उभी राहत आहे. परंतु संगणकात अचूक आकडा भरणारा आणि त्या आकड्याचा अर्थ लावणारा माणूस शेवटी तलासरीच्याच भांडारात बसलेला असतो.

म्हणून पदव्युत्तर व्यवस्थापन शिक्षणाची आवश्यकता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने रुग्णालय प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण रुजविले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने उपलब्ध करून दिली. ज्याच्याकडे केवळ पदविका आहे, त्याला आधी पदवी घ्यावी लागेल. तो पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊ शकतो आणि पालघर व वापी येथे तशी महाविद्यालये आहेत. मार्ग आहे, पण तो लांबचा आणि खर्चाचा आहे. घरातील पहिला शिकलेला आदिवासी तरुण तो एकट्याच्या बळावर चालेल, ही अपेक्षा अन्यायाची होय.

यावर दोन शंका संभवतात. नोकरीत असलेल्या माणसाला समाजाने का शिकवावे? आणि शिकून तो शहरात निघून गेला तर? पहिलीचे उत्तर असे की लाभार्थी तो एकटा नाही. खिडकीपुढे उभी असलेली सारी रांग लाभार्थी आहे. दुसरी शंका खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. तिचे उत्तर याच तालुक्याच्या इतिहासात सापडते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा पाड्यावर आणि कुरणात नेली आणि याच भूमीत कार्यकर्त्या घडविल्या. ज्याचे घर, शेत आणि बोली येथील आहे, तो येथे टिकण्याची शक्यता सर्वांत अधिक.

तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेने तीन गोष्टींचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. पहिली, दरवर्षी डहाणू वा तलासरी तालुक्यातील एका औषधनिर्मात्याला पदवी किंवा पदव्युत्तर व्यवस्थापन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी आणि किमान तीन वर्षे याच परिसरात सेवा करण्याचे वचन घ्यावे. दुसरी, यापुढे औषध देण्यापूर्वी रुग्णालयाकडून लेखी यादी मागवावी आणि त्याबाहेर काही देऊ नये. तिसरी, दानाच्या रकमेतील काही भाग औषधाऐवजी शीतकपाट, मांडण्या आणि पाकिटे यांसाठी राखावा. या गोष्टींवर दात्याच्या नावाची पाटी शोभून दिसत नाही, हे खरे. परंतु त्यांच्यावाचून पाटी लावलेले औषधही वाया जाते.

औषधदान आणि ज्ञानदान ही दोन वेगळी पुण्ये म्हणून मोजली जातात. रुग्णालयाच्या औषधभांडारात ती एक होतात, कारण तेथे ज्ञानावाचून दिलेले औषध अपुरे असते. पुढील पन्नास वर्षांत या परिसरातील एकही रुग्ण औषधाच्या खिडकीवरून रिकाम्या हाताने परतू नये, हीच श्री महावीर प्रभूंच्या चरणी प्रार्थना. बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.