ग्रेव्हिल गावाचा ठेवा



वर्धापनदिनी ‘गावाचा वारसा’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, वाडे, देवळे उभी राहतात. पण ज्या गावी असे काही भव्य नाही, त्याने काय सांगावे? म्हणून मी मुद्दाम दूरचे, फ्रान्समधील एक लहानसे गाव निवडले आहे.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, शेर्बूर बंदराच्या पश्चिमेस ग्रेव्हिल-आग हे गाव आहे. दगडी घरे, जुने बुटके चर्च आणि कड्याखाली समुद्र. समुद्रातून वाहून आलेले शेवाळ गोळा करून लोक शेतांना खत घालीत. १ जानेवारी २०१७ रोजी तेथील १९ गावे मिळून ‘ला आग’ ही एकच ग्रामसंस्था झाली आणि ग्रेव्हिलचा स्वतंत्र कारभार संपला.

तरीही या गावाचे नाव पुसले गेले नाही. त्याच्या ग्रुशी नावाच्या वाडीत १८१४ साली झां-फ्रांस्वा मिये हा चित्रकार शेतकऱ्याच्या घरी जन्मला. आई शेतात राबे. मुलाला वाढवले आजीने. चर्चची घंटा झाली की आजी शेतातले काम थांबवायला लावी आणि गेलेल्यांसाठी प्रार्थना करायला सांगे. ही आठवण मनात धरून त्याने ‘आंजेलुस’ हे चित्र काढले. हातातले काम थांबवून माना खाली घातलेले ते शेतकरी जोडपे आज साऱ्या जगाला ठाऊक आहे.

पुढे तो पॅरिसजवळ बार्बिझोंला राहिला. १८५१ मध्ये आजी गेली, १८५३ मध्ये आई. दोघी त्याची वाट पाहत होत्या. पण हाती पैसा नव्हता, अखेरची भेट झाली नाही. नंतर त्याने ‘प्रतीक्षा’ हे चित्र काढले. त्यात मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले म्हातारे आईबाप आहेत. विषय बायबलातला, पण त्यातली म्हातारी कोणाच्याही घरची वाटावी अशी आहे.

१८७१ साली गावच्या खाणावळीच्या खिडकीतून दिसणारे ते चर्चही त्याने चितारायला घेतले. १८७५ मध्ये तो वारला तेव्हा ते चित्र त्याच्या चित्रशाळेतच होते. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

भगिनींनो, हद्दी बदलतात, कचेऱ्या बदलतात. ग्रेव्हिलच्या त्या आजीची रीत मात्र राहिली, कारण नातवाने ती टिपून ठेवली. आपल्याला चित्रे काढता येत नसतील, पण लिहिता येते. माझी एवढीच सूचना आहे, की मंडळाने एक वही घालावी. प्रत्येकीने तीत माहेरच्या गावची एक गोष्ट लिहावी: विहिरीचे नाव, पेरणीची रीत, आजीच्या तोंडची म्हण. ज्यांना लिहिणे जमत नाही, त्यांचे लेकीसुनांनी लिहून घ्यावे. आणि आरंभ आपल्यातल्या सर्वांत वडील भगिनींपासून करावा. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.