एक्याऐंशी पाकळ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही चित्रकर्त्री नव्हे. हळदीकुंकवाला रांगोळी काढायची, एवढाच माझा कलेशी संबंध. पण सेक्रेटरीबाईंचा आग्रह मोडवेना, म्हणून परदेशी काढलेल्या एका हिवाळ्याची हकीगत सांगते.

२०१८ च्या डिसेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी मी शिकागोला गेले. बर्फाचे कौतुक आठ दिवस पुरले. पुढे खिडकीतून पाहावे तर पांढरे अंगण आणि काळी झाडे. हिरवे पान दृष्टीस पडेना. दुपारी साडेचारलाच अंधार. बाळ-बाळंतीण झोपली की घर खायला उठे.

शेजारी एक चिनी आजी राहत. त्यांना इंग्रजी येत नव्हते, आणि माझे इंग्रजी तुम्हांस ठाऊक आहेच! २१ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, त्या नातीला घेऊन आल्या आणि माझ्या हाती एक कागद ठेवला. त्यावर एक फांदी, फांदीवर नऊ फुले, दर फुलाला नऊ पाकळ्या. नुसत्या रेघांच्या, आत कोऱ्या. नातीने उलगडून सांगितले, "आजपासून रोज एक पाकळी रंगवायची. एक्याऐंशी झाल्या की थंडी सरली." फूल होते 'मेइ'चे, आपल्या जर्दाळूच्या जवळच्या जातीचे, थंडी सरण्याआधीच फुलणारे. १६३५ साली निघालेल्या बीजिंगच्या वर्णनग्रंथातही ही चाल नोंदलेली आहे. त्याही पूर्वी, चौदाव्या शतकात, तिकडच्या बायका अशी फांदी खिडकीत लावीत आणि सकाळी शृंगार करताना गालांच्या लालीनेच रोजची खूण करीत.

मला आपली लाखोली आठवली. एकेक वाहतच आपण लाखाला पोचतो ना? मी डबीतले कुंकू पाण्यात कालवले आणि पहिली पाकळी भरली.

मग रोजचा नेमच झाला. दुपारी कधी त्या येत, कधी मी जाई. लेकीने ग्रंथालयातून फुलांच्या चित्रांचे पुस्तक आणले. त्यात हॉलंडातल्या राखेल रॉइस (१६६४–१७५०) या बाईंची चित्रे होती. दहा मुले झाली, तरी वयाच्या ८३ व्या वर्षापर्यंत ही बाई फुले रंगवीत होती. लेक म्हणाली, "आई, माझे एकाशीच निभेना!" त्या काळच्या हॉलंडच्या चित्रांत वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एकाच फुलदाणीत दिसतात, कारण चित्रकार ज्या त्या ऋतूत फुलांचे नमुने काढून ठेवीत आणि पुढे ते एकत्र मांडीत. आजी पानावर बोट ठेवून आपल्या भाषेत काही सांगत, मी मराठीत उत्तर देई. कुणाचेच अडले नाही.

छत्तीस पाकळ्या झाल्या आणि आजी बर्फावरून घसरून पडल्या. कमरेचे हाड मोडले. त्याच आठवड्यात शिकागोचा पारा उणे ३० अंशांवर गेला. संध्याकाळी नात त्यांचा कागद घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "आजी विचारते आहे, तिचीही पाकळी भराल का?" मला बोलवेना. त्या दिवसापासून मी दोन पाकळ्या भरू लागले, एक माझी, एक त्यांची. नात रोज फोनवर फोटो काढून इस्पितळात दाखवी.

आजी घरी आल्या तेव्हा सात पाकळ्या कोऱ्या होत्या. त्या त्यांनी थरथरत्या हाताने स्वतः भरल्या. माझ्या कुंकवानेच. ११ मार्चला एक्याऐंशी पुऱ्या झाल्या. बाहेर पाहिले, तर थंडी होतीच! आम्ही दोघी खूप हसलो. पण दिवस सरले होते, आणि एकटीने सरले नव्हते.

भगिनींनो, आपल्या गावी बर्फ पडत नाही; पण लांब हिवाळा इथेही असतो. आपल्याच सभासदांपैकी कित्येकींना जिना उतरवत नाही. हळदीकुंकवाचे वाण त्यांच्या घरी पोचते, आपण पोचत नाही. माझी एक सूचना आहे. घरोघरी जुन्या कॅलेंडरांवर, लेकीसुनांच्या वह्यांत फुलांची चित्रे पडून असतात. त्यांतले एक दर आठवड्याला अशा एका घरी न्यावे, तासभर बसावे; पुढल्या आठवड्यात तेच चित्र दुसऱ्या घरी न्यावे. खर्च काही नाही, पाय तेवढे झिजतील.

तो कागद मी आज बरोबर आणला आहे. पहिल्या आठवड्याला तोच न्यावा. कुणाच्या घरी न्यायचा, ते तुम्ही सांगा.