एम.ए. करून काय मिळतं?

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी इतिहासात एम.ए. केलं. आमचं घर बागवानांचं, अब्बांचा मंडईत फळांचा गाळा. एम.ए.ला प्रवेश घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात तीन प्रश्न आले. मोठा भाऊ म्हणाला, 'बी.ए.ला इतिहासच होता ना, मग तोच पुन्हा दोन वर्षं कशाला?' अब्बा म्हणाले, 'नोकरी लागेल का?' आणि फुफू म्हणाली, 'एवढी शिकलेली मुलगी, हिच्यासाठी मुलगा कुठून आणायचा?'

तिन्ही प्रश्न रास्त होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी आज तेच चालू असणार. म्हणून त्याच क्रमाने बोलते. भावाचा प्रश्न आधी, कारण त्याचं उत्तर नीट मिळालं की बाकीच्या दोन प्रश्नांकडे बघायची नजर बदलते.

बी.ए.ला आपण इतिहास शिकतो, तो बहुतेक वेळा गाईडमधून. कारणे सांगा, परिणाम सांगा, टिपा लिहा. एम.ए.ला, चांगला शिक्षक मिळाला तर, पहिल्याच महिन्यात एक शब्द कानावर आदळायला लागतो : कशावरून? तुम्ही म्हणता असं झालं. कशावरून? कोणी लिहून ठेवलंय? घटना घडल्यावर किती वर्षांनी? लिहिणाऱ्याचा त्यात काय संबंध होता? मूळ कागद कुणी पाहिलाय का?

राज्यातल्या नव्या रचनेत दोन वर्षांचं एम.ए. ८८ क्रेडिटचं आहे, सत्राला २२. त्यात मुख्य विषयाचे आणि निवडीचे पेपर आहेत. पण पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचा पेपर आहे, पुढे प्रत्यक्ष कामाचा किंवा क्षेत्रप्रकल्पाचा भाग आहे आणि दुसऱ्या वर्षी दोन्ही सत्रांत मिळून १० क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे. पुष्कळ ठिकाणी हा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तसा तो केलात तर भावाचं म्हणणं खरं ठरतं : तोच अभ्यास पुन्हा झाला. स्वतः केलात तर काय होतं, ते एका उदाहरणाने सांगते.

जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने समाजमाध्यमावर जाहीर केलं की फातिमा शेख नावाची कुणी बाई नव्हतीच, ते पात्र आपणच रचलं. सावित्रीबाईंच्या सहकारी म्हणून आपण ज्यांचं नाव घेतो, त्याच फातिमा. दोन दिवस आपल्या सगळ्यांचे फोन तापले. एका बाजूने 'बघा, खोटं पकडलं', दुसऱ्या बाजूने 'हा कट आहे'. आपल्या ग्रुपवर तर संतापाचा पूर आला. पण संताप म्हणजे पुरावा नव्हे.

ज्याला 'कशावरून' विचारायची सवय आहे, त्याने त्या दिवशी कपाटातून एक पुस्तक काढलं. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय'. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते १९८८ साली काढलं, म्हणजे समाजमाध्यमं जन्माला यायच्या कितीतरी आधी. त्यात सावित्रीबाईंनी नायगावहून जोतिरावांना लिहिलेलं १० ऑक्टोबर १८५६ या तारखेचं पत्र आहे. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी आहेत आणि मागे फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा उल्लेख त्यात आहे. 'मी रचलं' हा दावा इथेच पडतो.

आता खरा विद्यार्थी इथे थांबत नाही. त्याच पत्राला तो दुसरा प्रश्न विचारतो : यात काय नाही? या पत्रात फातिमाचं आडनाव नाही. जन्मतारीख नाही. ती कुठे शिकली, तिचं पुढे काय झालं, हे नाही. मग ९ जानेवारीला आपण जी जयंती साजरी करतो, ती तारीख कशावरून? जो फोटो पुढे पाठवतो, त्यातली बाई फातिमाच, हे कशावरून? आणि माळी सरांनी छापलेलं ते पत्र, त्याचं मूळ कुठे आहे?

हे प्रश्न विचारले तर आपलं नुकसान होईल, अशी भीती आपल्या लोकांना वाटते. मला उलट वाटतं. जी गोष्ट आपण वाढवून सांगतो, तिचा एक टाका उसवला की समोरचा अख्खं कापडच खोटं म्हणून मोकळा होतो. जेवढं पत्रात आहे तेवढंच ठामपणे सांगणारा माणूस मात्र हलवता येत नाही. हे मला एम.ए.ने शिकवलं. आपला इतिहास पुसणाऱ्याला आणि तो फुगवणाऱ्याला एकाच शब्दाने थांबवता येतं.

दुसरं उदाहरण आमच्याच महाविद्यालयातलं. एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी गावातल्या काझीसाहेबांकडची निकाहाची जुनी रजिस्टरं घेतली. प्रत्येक पानावर मेहेरची रक्कम, साक्षीदार आणि खाली वधूची सही किंवा अंगठा. तिने वर्षावर्षाचे अंगठे आणि सह्या मोजल्या. मोहल्ल्यात मुलींची शाळा कधी सुरू झाली, ते शाळेच्या दप्तरातून काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवलं. अंगठ्यांच्या जागी सह्या कशा येत गेल्या, ते रकान्यांत दिसायला लागलं. काझीसाहेबही वाकून बघत होते. इतकी वर्षं ती रजिस्टरं त्यांच्या कपाटात होती, पण त्यांच्याकडे या नजरेने कुणी पाहिलं नव्हतं. तिने लोकांची नावं उतरवून घेतली नाहीत, कारण ती खासगी बाब होती. आणि शेवटी स्पष्ट लिहिलं की सही करता येणं म्हणजे वाचता येणं, असं धरता येणार नाही. तो शेवटचा परिच्छेद मला सगळ्यात आवडला.

अशी कपाटं तुमच्या प्रत्येकाच्या गावात आहेत. मालेगाव-भिवंडीच्या मागांचे हिशेब, मंडईतल्या आडतीच्या वह्या, दर्ग्याच्या इनामाचे कागद, घरातल्या ट्रंकेतली आजोबांची उर्दू पत्रं. २००६ च्या सच्चर अहवालात लिहिलंय की नामांकित महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्गातल्या दर ५० विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान असतो. आपल्यावर अहवाल येतात, लेख येतात, चर्चासत्रं होतात. लिहिणारे चांगले असतात, वाईटही असतात, पण ते बहुधा बाहेरून आलेले असतात. त्यांना काझीसाहेबांचं कपाट कुठे आहे, ते माहीत नसतं. तुम्हाला माहीत आहे.

यात भाषेचाही मुद्दा आहे. मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी साधनं फारसीत आहेत. ती मराठीत कुणी आणली? ग. ह. खरे यांनी, सेतुमाधवराव पगडी यांनी. फारसी आपली म्हणून आपण अभिमान बाळगतो, पण ती शिकून, कागद लावून, भाषांतर करायची मेहनत या मंडळींनी घेतली. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत आणि ते फेडायची एकच रीत आहे : तेच काम पुढे नेणं. आपल्यातल्या अनेकांना घरच्या घरी उर्दू येते, शाळेमुळे मराठी येते. त्यात मोडी घातलीत, पुढे फारसी, तर तुमच्याइतकी तयारी असलेला विद्यार्थी वर्गात दुसरा नसेल. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. आणि हो, उत्तरं मराठीतून लिहायची मुभा आपल्या राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांत कला शाखेला आहे. इंग्रजी कच्चं म्हणून एम.ए. सोडू नका. मात्र इंग्रजी वाचता आलंच पाहिजे. दोन वर्षं रोज दोन पानं वाचलीत तर ते येतं.

आता अब्बांचा प्रश्न. नोकरी लागेल का?

मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. नुसत्या एम.ए.वर नोकरी लागत नाही. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट लागते आणि त्यासाठी एम.ए.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के, ओबीसी नॉन-क्रीमिलेयरमध्ये ५० टक्के हवेत. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा कितीतरी जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. तरी दाखले काढलेले नसतात आणि फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी धावाधाव होते. शिबिरातून घरी गेल्यावर पहिलं काम ते करा. सेट झाल्यावरही कायम जागा कमी आहेत. तासिका तत्त्वावर काम करणारे किती जण आहेत, हे कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये जाऊन बघा. मी स्वतः सात वर्षं तासिकेवर शिकवलं. सुट्टीत पगार नसायचा. त्या सात वर्षांत घर अब्बांच्या गाळ्यावर आणि माझ्या भाषांतराच्या कामावर चाललं.

पण भाषांतराचं ते काम मला एम.ए.मुळेच मिळालं, हेही खरं. लांब मजकूर वाचून त्यातलं नेमकं काय ते काढणं, दोन परस्परविरोधी कागद समोर असताना डोकं शांत ठेवणं, स्वच्छ मराठीत दहा पानं लिहिणं, हे येणारी माणसं वर्तमानपत्रांना लागतात, प्रकाशकांना लागतात, सामाजिक संस्थांना लागतात, स्पर्धा परीक्षांतही ते उपयोगी पडतं. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.ए.बरोबर बी.एड. लागतं. म्हणून प्रवेश घेतानाच दुसरा आधार कोणता, ते ठरवा. घरची परिस्थिती अशी असेल की दोन वर्षं कमाई थांबवता येत नाही, तर मुक्त विद्यापीठ आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी यूजीसीने नियमित पदवीच्या बरोबरीची धरली आहे. त्यात कमीपणा मानू नका.

पैशाचं वातावरण चांगलं नाही, तेही माहीत असू द्या. अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने बंद करत असल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितलं. उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत देशातले मुस्लिम विद्यार्थी २०१९-२० मध्ये २१ लाख होते, पुढच्याच वर्षी १९.२१ लाख. म्हणजे दीड लाखाहून जास्त मुलं-मुली एका वर्षात कमी झाली. त्यांच्यातला कुणीतरी तुमच्या गल्लीतला असणार. आपल्या संस्था जकातीतून, वर्गणीतून पहिल्या वर्षाची फी भरतात, वैद्यकीयच्या मुलाला आनंदाने देतात. कला शाखेच्या मुलीला मात्र 'यात काय होणार' असं विचारतात. हा प्रश्न त्या बैठकांत जाऊन तुम्हीच उचला.

आणि फुफूचा प्रश्न. मुलगा कुठून आणायचा?

फुफूवर मी रागावले नाही. तिने ज्या जगात दिवस काढले, त्यात जास्त शिकलेली मुलगी घरी बसलेली तिने पाहिली होती. तिची काळजी खरी होती. मी तिला एवढंच म्हटलं की स्थळ येईपर्यंत वाट बघायचीच आहे, तर घरी बसून का, वाचनालयात बसून बघते. ती हसली आणि अम्मीकडे माझी बाजू घेऊन गेली. मुलींनो, घरच्यांशी बोलताना भाषण देऊ नका. महाविद्यालय किती लांब, बस किती वाजता, घरी परत कधी, हे कागदावर लिहून दाखवा. निम्मा विरोध तिथेच मावळतो. आणि मध्येच लग्न ठरलं तर? पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडलात तर पदव्युत्तर पदविका मिळते. तुमची क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत जास्तीत जास्त सात वर्षं राहतात, म्हणजे परत येण्याचा दरवाजा उघडा असतो. ही गोष्ट निकाहाच्या बोलणीत, सासरच्यांसमोर, मोठ्यांच्या तोंडून आधीच बोलून घ्या. नंतर विषय काढणं अवघड जातं.

शेवटी निवडीबद्दल. महाविद्यालय नावावरून निवडू नका. प्रवेशाआधी एक दिवस जा. ग्रंथालयात बसा आणि तुमच्या विषयाची कपाटं उघडी आहेत की कुलपात, ते बघा. दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना विचारा : तास होतात का? प्रकल्प कोण तपासतं, तपासून परत देताना बोलतं का? ज्या शिक्षकाने त्यांचा कागद लाल शाईने भरून परत दिला असेल, त्याच्याकडे जा.

माझं बोलणं इथे संपवते. आता अर्धा तास प्रश्नांसाठी आहे. मार्कांचे, फीचे, लग्नाचे, सगळे विचारा. आणि मी सांगितलेल्या एखाद्या गोष्टीवर 'कशावरून' म्हणून विचारायचं असेल, तर त्याने हात आधी वर करावा.