दुखत नाही म्हणून



वेदना हेच रोगाचे प्रमाण, असे आपण मानीत आलो आहो. दाढ ठणकली की मनुष्य त्याच दिवशी डॉक्टरांचे दार गाठतो. गालाच्या आतील पांढरा चट्टा मात्र दुखत नाही, म्हणून वर्षभर तसाच राहतो. कर्करोगाचे कपट हेच, की आरंभी तो बहुधा दुखत नाही.

आपल्याकडे तंबाखू, सुपारी, गुटखा आणि स्त्रियांत मशेरी यांचा प्रघात फार. म्हणून तोंडाविषयी अधिक बोलतो. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती कितपत पाळली जाते, हे आपण जाणताच.) पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट न सोसणे, ही चिन्हे ओळखावीत. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, तेही पाहावे. जात नसतील तर तो बहुधा सुपारीचा प्रताप. तंबाखूविना सुपारीही निरुपद्रवी नव्हे.

भगिनींनी स्तनातील न दुखणारी गाठ, आत ओढले गेलेले बोंड, पाळी गेल्यानंतरचा किंवा संबंधानंतरचा रक्तस्राव यांची लाज धरू नये. गाठ बहुधा साधीच निघते, पण ते तपासणीनेच ठरते. गर्भाशयमुखाचा रोग तर चिन्हे दिसण्यापूर्वीही सापडतो. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने झाला व २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची विषाणूची चाचणी एकदाच केली, त्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

दीर्घकाळ बसलेला आवाज, शौचातून रक्त, अकारण घटणारे वजन, हेही अंगावर काढू नये.

आता घरातली गोष्ट. मुलीची सोयरीक मोडेल या धास्तीने आईचे दुखणे झाकणारी कुटुंबे आपल्याच ज्ञातीत आहेत. हा रोग एका ताटात जेवल्याने जडत नाही. झाकल्याने मात्र आई जाते.

पूर्वी मुंबईचे टाटा रुग्णालय दूर, ही सबब होती. २०१२ पासून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. लासूर स्टेशनाहून त्याच रेल्वेमार्गावर. तेथे संशयित जागेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत निराधार आहे.