कोऱ्या कागदावरचा अंगठा आणि ब्राऊझरमधील पाळत

(खानदेशातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधार क्रमांकाच्या वाटपाचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी खानदेशातच, शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात झाला. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हा तालुका धुळे जिल्ह्यात मोडत असे. याच तालुक्यात १९७२ पासून श्रमिक संघटनेने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी लढा दिला. त्यांतील पुष्कळ जमिनी कागदाच्या वाटेने गेल्या होत्या. अंगठा शेतकऱ्याचा आणि मजकूर सावकाराचा, असा तो व्यवहार होता. आज पीकविमा, शिष्यवृत्ती, सातबारा यांसाठी जळगाव-धुळ्याचा शेतकरी पडद्यापुढे बसतो, तेव्हा 'मान्य आहे' या बटनामागचा मजकूरही त्याने लिहिलेला नसतो आणि बहुधा वाचलेलाही नसतो. म्हणून ब्राऊझरमधील खाजगीपणा हा शहरातील हौशी मंडळींचा प्रश्न आहे, हा समज कार्यकर्त्यांनी प्रथम सोडला पाहिजे.

ही पाळत चालते कशी? १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी 'कुकी' ही युक्ती योजली. हेतू साधा होता : गिऱ्हाईक एका पानावरून दुसऱ्या पानावर गेले तरी दुकानाला त्याची ओळख राहावी. परंतु एका पानावर अनेक परक्या कंपन्यांचा मजकूर येऊ लागला आणि त्यांच्याही कुक्या येऊ लागल्या. समजा, जळगावच्या बाजारात माणूस पाच दुकानांत गेला. बियाणे घेतले, औषध घेतले, कर्जाची चौकशी केली. प्रत्येक दुकानात जर एकाच सावकाराचा मुनीम वही घेऊन बसलेला असेल, तर संध्याकाळी त्या माणसाची गरज, आजार आणि अडचण एकाच वहीत उतरेल. तृतीय पक्षाची कुकी हे त्या मुनिमाचे काम करते.

या मुनिमाला बाहेर काढणारी साधने निघाली. फायरफॉक्सने २०१९ पासून ज्ञात पाळतदारांच्या कुक्या आपण होऊन अडवल्या; ॲपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये तृतीय पक्षाच्या सर्वच कुक्यांना बंदी केली. यांखेरीज जाहिराती व पाळतीचे कार्यक्रम अडवणारी जोडसाधने आहेत, आणि यंत्राची वैशिष्ट्ये झाकून त्याची ओळख पटू न देणारे ब्राऊझरही आहेत.

मात्र ही साधने वापरली की अनेक संकेतस्थळे मोडतात, हा अनुभव खोटा नाही. पैसे भरण्याची खिडकी दुसऱ्या कंपनीकडून येते. तिची कुकी अडली की ती ग्राहकाला विसरते. बटनाची आज्ञा मोजणीच्या कार्यक्रमाला जोडून ठेवलेली असते. मोजणी अडली की बटनही मुके होते. 'तुम्ही माणूस आहात काय' असे विचारणारी यंत्रणा जुन्या खुणांवरून माणूस ओळखते. खुणा पुसणाऱ्याला ती यंत्र समजते व पुन्हापुन्हा चित्रे निवडायला लावते. फायरफॉक्समधील यंत्राची ओळख पटू न देणारी खास सोय (resistFingerprinting) चालू केली तर यंत्राची स्थानिक वेळ लपते आणि पानावरील घड्याळ साडेपाच तास मागे जाते. अर्जासाठी छायाचित्र ब्राऊझरमध्येच लहान करू गेल्यास चेहऱ्याऐवजी रंगीत पट्टे उमटू शकतात.

या मोडतोडीचा दोष कोणाचा? न्यायाने बोलायचे तर सगळा एका बाजूचा नाही. अडवणारी साधने याद्यांवर आणि अंदाजावर चालतात. त्यांत निरुपद्रवी वस्तूही सापडते. सरसकट बंदीपेक्षा शहाणा मार्गही आहे. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुक्या वेगळ्या बरणीत ठेवल्या. मुनीम दुकानात राहतो, पण वही दुसऱ्या दुकानात नेऊ शकत नाही. त्यामुळे मोडतोड पुष्कळ कमी झाली. तरीही मुख्य गोष्ट उरतेच. मुनिमाला बाहेर काढताच ज्या दुकानाचे छप्पर कोसळते, ते दुकान मुनिमाच्या खांद्यावरच बांधलेले होते. पाळत ही तेथे वरून लावलेली वस्तू नसून इमारतीचा पायाच आहे.

हा पाया भांडवलाने घातला आहे. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधील तृतीय पक्षाच्या कुक्या दोन वर्षांत बंद करण्याचे जाहीर केले, मुदती पुढे ढकलल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. ज्या कंपनीचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येते, तिच्याकडून दुसरे काय घडणार? शिवाय फायरफॉक्स चालविणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्साही गूगलकडूनच येतो. वर्गभेद येथेही आहे. संगणक असलेल्याला जोडसाधन बसवता येते. ज्याचे सारे जग एका स्वस्त अँड्रॉइड मोबाईलवरील क्रोममध्ये सामावले आहे, त्याला ती सोयही नाही. सेवाकेंद्रावर रांगेत उभ्या राहणाऱ्याच्या हाती तर यंत्रही नसते.

खाजगी दुकान मोडले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. शासनाचे दार मोडले तर नागरिकाने कोठे जावे? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. परंतु वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याने शासनाला अनुदान व दाखल्यांच्या कामी नव्या संमतीवाचूनही माहिती वापरण्यास वाव ठेवला, अधिसूचित शासकीय यंत्रणांना सूट दिली आणि माहिती अधिकाराच्या कायद्यातही कपात केली. नागरिक शासनापुढे पारदर्शक आणि शासन नागरिकापुढे अपारदर्शक, असा हा उलटा न्याय आहे.

तेव्हा एकेकट्याने ढाल घेऊन भागणार नाही. ढाल जरूर घ्यावी, इतरांनाही शिकवावी. पण मागणी सामुदायिक असली पाहिजे. सार्वजनिक पैशाने उभ्या केलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर परक्या कंपनीची मोजणी नसावी. कडक संरक्षण ठेवूनही अर्ज भरता आला पाहिजे. पडदा चालला नाही तर तहसील कचेरीतील खिडकीवर कागदी अर्ज स्वीकारून पोच मिळाली पाहिजे, आणि संकेतस्थळाच्या दोषाने कोणाची मुदत बुडता कामा नये. कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यात अशा अडचणींची नोंद ठेवावी : कोणते पान, कोणती तारीख, कोणता संदेश आला. माहितीच्या अधिकारात विचारावे की या पानावर कोणाचे कार्यक्रम चालतात आणि कोणत्या कराराने.

शहाद्याच्या आदिवासींनी जमिनीचे कागद वाचवून घेतले, तेव्हा लढ्याला धार आली. आज वाचून घ्यायचा कागद निराळा आहे, परंतु तो वाचून दाखवण्याचे कर्तव्य जुनेच आहे.