सेवेच्या वाटेवरील सोबती

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात राजूर येथे केलेले भाषण)



राजुरेश्वराच्या सान्निध्यात बोलण्याची आज्ञा झाली म्हणजे वक्त्याचा भार निम्मा हलका होतो. गणपतीच्या साडेतीन पीठांत या स्थानाची गणना करतात, आणि अंगारकीस जालन्याहून इकडे पायी येणारे भाविक आपणांपैकी अनेकांनी पाहिले आहेत. नव्हे, त्यांच्या बरोबरीने पावलेही टाकली आहेत. त्या वाटेवर प्रथमच निघालेला मनुष्य पाणी कोठे मिळेल, पायांस फोड आले तर काय करावे, हे देवळातील पुजाऱ्यास विचारत नाही. मागल्या अंगारकीस चालून गेलेल्या शेजाऱ्यास विचारतो. महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत सेवा करणाऱ्या आपल्या मुलामुलींस असा शेजारी मिळावा, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

ही सेवा आपल्या घरांत नवी आहे. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची जमीन उशिराच नांगरली गेली. निजामाच्या राज्यात 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण ते हैदराबादेस, आणि त्याचे माध्यम उर्दू. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. आणि मराठवाडा विद्यापीठ स्थापन व्हावयास 1958 चा ऑगस्ट उजाडला. ज्या घरांत वडील वा आजोबा प्राध्यापक होते, तेथील मुलांच्या कानांवर नेमणूक, वेतनश्रेणी, प्रबंध हे शब्द जेवणाच्या पंगतीतच पडत. आमच्या कानांवर मृग आणि हस्त पडले. त्याबद्दल खंत नाही. परंतु त्याचे मोल आम्हांस द्यावे लागले, ते कसे हे सांगतो.

आम्ही 1998 साली एका महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो. मन लावून शिकविले, विद्यार्थ्यांचे प्रेमही मिळाले. सहा वर्षे भरली की वरिष्ठ श्रेणी आपोआप मिळेल, अशी आमची भाबडी समजूत होती. त्यासाठी उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग पूर्ण केलेले असावे लागतात, हे आम्हांस कळले तेव्हा वेळ टळून गेली होती. श्रेणी तीन वर्षे मागे पडली आणि त्या वर्षांचा पैसा गेला तो गेलाच. आमच्या धाकट्या भगिनीचे लग्न त्याच काळात होते. अधिक सांगत नाही.

यात दोष कोणाचा? कार्यालयाने कळविले नाही हे खरे. पण शेजारच्याच खोलीत बसणारे एक सहकारी दोन वर्षांपूर्वी तो वर्ग करून आले होते. आम्ही त्यांस विचारले नाही, कारण विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल ही भीती. त्यांनी सांगितले नाही, कारण न विचारता सांगणे म्हणजे आगाऊपणा दिसेल असे त्यांस वाटले. हे त्यांनी पुढे स्वतःच आम्हांस सांगितले, आणि आम्ही दोघेही हसलो. पण ते हसणे काही सुखाचे नव्हते.

इंग्रजीत ज्यास पीअर मेंटरिंग म्हणतात, ते या दोन संकोचांवरील औषध होय. एकदा नेमून दिलेला सोबती असला की विचारण्यात कमीपणा नाही आणि सांगण्यात आगाऊपणा नाही. वडीलधारे मार्गदर्शक हवेतच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ज्येष्ठ व निवृत्त अध्यापकांच्या मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय योजना सुचविली आहे, तिचे आम्ही स्वागतच करतो. तथापि जो आपला गोपनीय अहवाल लिहितो वा लिहवितो, त्याच्यापुढे 'आम्हांस हा वर्ग सांभाळता येत नाही' असे कोण म्हणेल? ते बरोबरीच्यापाशीच म्हणता येते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेत 2006 नंतर अशीच व्यवस्था सुरू झाली. तेथे एकाच गुरूवर भिस्त न ठेवता, एकाकडून शिकविण्याची हातोटी, दुसऱ्याकडून संशोधनाची वाट, तिसऱ्याकडून घर आणि नोकरी यांचा मेळ, असे अनेकांकडून थोडेथोडे घेतात.

प्राध्यापकांचेच बोललो, पण लिपिक, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा सहायक हेही याच वाटेचे प्रवासी. सेवापुस्तकातील नोंदी वर्षातून एकदा स्वतःच्या डोळ्यांखालून घालाव्या, जन्मतारीख आणि नेमणुकीची तारीख पडताळावी, हे साधे. पण ते नव्या लिपिकास पहिल्याच वर्षी कोण सांगतो? निवृत्तीच्या वेळी निवृत्तिवेतन अडते, तेव्हा सर्व जण सांगतात. आणि तासिका तत्त्वावर राबणारी आपली मुले तर कोणत्याच यादीत नसतात. त्यांस सोबत्याची गरज सर्वांहून अधिक.

आता एक गोष्ट बोलतो, ती या व्यासपीठावर कदाचित रुचणार नाही. आपल्या महाविद्यालयात सोबती शोधताना तो आपल्या ज्ञातीचा आहे काय, हे पाहू नये. ज्ञातीची चार माणसे कोपऱ्यात कुजबुजू लागली की तिला सोबत म्हणत नाहीत, गट म्हणतात. आणि गटाचा लाभ एकास झाला तर ताप दहांस होतो. आम्हांस पुढे ज्यांनी प्रबंधाची वाट दाखविली ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, आमच्या विषयाचेही नव्हते. मग संस्थेने करावयाचे काय? दूरच्या गावी एकट्या पडलेल्या नवख्यास आरंभीचे धैर्य द्यावे, नियमांची कागदपत्रे मिळवून द्यावी, आणि 'तुझ्याच महाविद्यालयात कोणास तरी विचार' असा आग्रह धरावा. 2018 च्या नियमांत पहिल्या बढतीसाठी पीएच.डी. असल्यास चार वर्षे आणि नसल्यास साधारणतः सहा वर्षे सांगितली, शिवाय 21 दिवसांचा उद्बोधन वर्ग. असे नियम पुन:पुन्हा बदलतात; म्हणून ताजी प्रत जवळ असलेला मनुष्य हवा, जुन्या आठवणी सांगणारा आमच्यासारखा नव्हे.

सकाळी आम्ही चिटणीसांपाशी एक कोरी वही दिली आहे. सेवेची तीन ते दहा वर्षे झालेल्यांनी डाव्या पानावर आणि नव्याने लागलेल्यांनी उजव्या पानावर नाव, गाव व विषय लिहावा. महिन्यातून एकदा तासभर बोलणे, आणि झालेले बोलणे तिसऱ्याच्या कानी न घालणे, एवढ्या दोनच अटी. आतापर्यंत डाव्या पानावर चार नावे आली आहेत, उजव्या पानावर अकरा. भोजनोत्तर मंडपाच्या मागील बाजूस आम्ही वही घेऊन बसतो; डाव्या पानाच्या मंडळींनी कृपया घाईने परतीची गाडी धरू नये.